रोझेटाची एक आणि माझ्या चार

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पाटावर मांडून त्यांची पूजा करायची पद्धत आहे. विळी, कात्री, मामंजींचा हातोडा आणि पक्कड, शिलाई मशीन, हल्ली त्यात लॅपटॉपसुद्धा! मागच्या वर्षी माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी कपाटावरच्या गिटारीही खाली काढल्या. एक, दोन, तीन, चार. कव्हरांवर बोटभर धूळ. त्या पुसून भिंतीला ओळीने टेकवल्या, हळदकुंकू वाहिलं, एकेक झेंडूचं फूल ठेवलं. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अजून पक्की. त्यांनी अगदी सहज विचारलं, की यातली एखादी शेवटची कधी वाजली होती गं? विळी रोज चालते, मशीन आठवड्यातून दोनदा चालतं, म्हणून त्यांची पूजा. यांची कशासाठी?

मी हसण्यावारी नेलं. पण रात्री ओटा आवरताना तोच प्रश्न डोक्यात. खरंच, कशासाठी?

आता या चार कुठून आल्या ते सांगते. पहिली माझ्या बाबांची, हवाईयन गिटार. मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी बार धरायचा आणि तो तारांवरून सरकवत वाजवायचं. ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये बाबा तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवायचे. २०११ मध्ये ते गेले आणि आईने ती माझ्याकडे दिली. दुसरी माझी, कॉलेजमधली. शिकवण्यांचे पैसे साठवून १९९८ मध्ये घेतलेली साधी स्पॅनिश गिटार. तिसरी मुलाची, सातवीत क्लास लावला तेव्हा आणलेली छोटी. आणि चौथीही त्याचीच, इंजिनिअरिंगला असताना मित्राकडून जुनी घेतलेली इलेक्ट्रिक. तो नोकरीला बंगळुरूला गेला, गिटारी आईच्या कपाटावर ठेवून गेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाजवू नकोस असं मला घरात कुणीही, कधीही म्हटलं नाही. लग्नानंतर आधी बाळ झोपलेलं असायचं. मग मामंजींना बीपीचा त्रास सुरू झाला. मग मुलाची दहावी, बारावी. आवाज नको, एवढंच कारण. आणि आवाज नको म्हणून एकदा कव्हरमध्ये गेलेली गिटार पुन्हा बाहेर यायला किती वर्षं लागतात, हे तुमच्यापैकी कित्येकींना वेगळं सांगायला नको. कुणाची गिटार असेल, कुणाची पेटी, कुणाचे घुंगरू.

त्या रात्री मी मुलाला फोनवर हा किस्सा सांगितला. तो खूप हसला आणि त्याने मला एक जुना ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ पाठवला. आई, एवढं बघच, असं म्हणाला. एक पडकं रेल्वे स्टेशन. फलाटावर पाऊस पडून गेल्याचं चिखलपाणी. समोरच्या फलाटावर दाटीवाटीने बसलेली तरुण मुलंमुली. घोडागाडीतून एक पोक्त, कृष्णवर्णीय बाई उतरतात. अंगात लांब कोट, पायात टाचांचे बूट, केस नीट बसवलेले. लग्नाला निघालेली एखादी मावशीच जणू. त्या फलाटावरून चालत येतात, एक पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि वाजवायला लागतात... मी ताठ बसले. भांडी तशीच राहिली. तो व्हिडिओ मी त्या रात्री सहा वेळा पाहिला असेन.

त्या होत्या सिस्टर रोझेटा थार्प. ज्या संगीताला पुढे जगाने रॉक अँड रोल म्हटलं, त्याची पाळंमुळं ज्यांच्या गिटारीत सापडतात, त्या बाई. पुढचे दोन-तीन महिने मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यांच्याशी इतकी ओळख झाली, की आता त्यांना मी अगं-तुगंच करणार आहे. रोझेटाच म्हणणार आहे.

रोझेटाचा जन्म २० मार्च १९१५ चा. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आर्कान्सॉ राज्यातलं गाव, नाव कॉटन प्लांट. नावातच कापूस! आईवडील कापूस वेचणारे मजूर. आई केटी बेल नुबिन गायची, मेंडोलिन वाजवायची आणि प्रवचनही करायची. ज्या पंथाची ती होती त्याचं नाव चर्च ऑफ गॉड इन ख्राईस्ट. त्या चर्चमध्ये देवाची भक्ती म्हणजे गप्प बसून डोळे मिटणं नव्हे. टाळ्या, डफ, ढोल, नाचणं, सगळं चालायचं. आपल्याकडे भजन रंगात आलं की होतं ना, तसंच. आणि बायकांना धर्मप्रचाराला बाहेर पडायची मोकळीक होती. रोझेटा चार वर्षांची असल्यापासून हातात गिटार घेऊन गायला लागली. सहा वर्षांची होईपर्यंत ती आईबरोबर गावोगावच्या धर्मसभांमधून कार्यक्रम करत होती. गिटारएवढीच मुलगी, पण लोक तिला ऐकायला यायचे.

पुढे मायलेकी शिकागोला आल्या. दक्षिणेतून रोजगारासाठी उत्तरेकडे निघालेल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांसारख्याच. रोझेटाच्या कानावर आता चर्चच्या गाण्यांबरोबर शहरातलं जॅझ आणि ब्लूजही पडू लागलं. १९३४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न त्याच पंथाच्या एका धर्मोपदेशकाशी झालं. ते टिकलं नाही. नवऱ्याचं आडनाव थॉर्प, त्याचं हिने थार्प केलं आणि नवरा सुटला तरी नाव तेवढं कायम ठेवलं. १९३८ मध्ये आईला घेऊन ती न्यूयॉर्कला पोचली. वय तेवीस.

त्या एकाच वर्षात काय काय घडलं बघा. ऑक्टोबरमध्ये ती कॉटन क्लबच्या रंगमंचावर उभी राहिली. या क्लबमध्ये कलाकार काळे आणि पैसे मोजून बसणारे बहुतेक गोरे. ३१ ऑक्टोबरला डेक्का कंपनीसाठी तिने चार गाणी रेकॉर्ड केली. ती चालली, चांगलीच चालली. २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी कृष्णवर्णीय संगीताची गाजलेली मैफल भरवली, तिच्यातही रोझेटा होती. चर्चच्या तंबूतून कार्नेगी हॉलपर्यंत!

पण चर्चची माणसं दुखावली. देवाचं गाणं दारूच्या टेबलांसमोर? दिवसा देऊळ आणि रात्री तमाशा, असं आपल्याकडे एखाद्या बाईबद्दल म्हटलं गेलं असतं, तर तिचं काय झालं असतं याची कल्पना करा. पुढे लकी मिलिंडरच्या बँडबरोबर ती गायली, तेव्हा तर तिच्या वाट्याला प्रेमाबिमाची चावट गाणीही आली. ज्या लोकांमध्ये ती वाढली, ज्यांनी तिला लहानपणी उचलून धरलं होतं, तेच आता नाकं मुरडत होते. हा ताण तिच्या आयुष्यभर सुटला नाही. तिने ना देव सोडला, ना क्लब सोडले. दोन्हीकडे गिटार तीच होती.

आता त्या गिटारीबद्दल. सुरुवातीच्या दिवसांत तिच्या हातात दिसते ती नॅशनल कंपनीची धातूची गिटार. या गिटारीच्या पोटात पातळ धातूचा एक शंकू बसवलेला असतो, तो तारांचा आवाज मोठा करतो. माइक, स्पीकर सर्रास नव्हते त्या काळात गर्दीत ऐकू जायचं असेल तर हाच उपाय. मग वीज आली. इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे घालून गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. वर पोलादी तार थरथरली की खाली वीज तयार होते, अगदी थोडीशी. सायकलच्या डायनॅमोचीच भावकी! ती वीज अ‍ॅम्पमध्ये गेली की आवाज होऊन बाहेर येते. आणि गंमत म्हणजे, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन वाजवायची होती, हवाईयन! हे वाचलं तेव्हा मी कपाटावरच्या बाबांच्या गिटारीकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. एवढंच नाही, तर रोझेटाही तारा अशा लावायची की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी अख्खी कॉर्ड वाजावी. हवाईयनचंही तसंच असतं.

चाळीसच्या दशकात रोझेटाने इलेक्ट्रिक हातात घेतली. बँडमध्ये ट्रंपेट, सॅक्सोफोन, ढोल यांच्या गदारोळातही आता ती ऐकू येऊ लागली. गाण्याच्या मधे ती एकटी गिटारीवर सुटायची, एकेक तार तोडल्यासारखी वाजवायची, आवाज मुद्दाम थोडा फाटू द्यायची. पुरुषासारखी वाजवते, असं लोक कौतुकाने म्हणत. म्हणजे चांगलं वाजवणं हे पुरुषाचंच, असं गृहीत! १९४४ मध्ये तिने सॅमी प्राइसच्या पियानोबरोबर एक गाणं रेकॉर्ड केलं. बिलबोर्ड साप्ताहिक तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संगीताची वेगळी यादी छापायचं, तिच्यात १९४५ मध्ये हे भक्तिगीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. कित्येक अभ्यासक याला रॉक अँड रोलच्या अगदी आधीच्या रेकॉर्डपैकी एक मानतात. एल्व्हिस प्रेस्ली तेव्हा दहा वर्षांचा होता.

१९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी कार्यक्रमाआधी तिने चौदा वर्षांच्या एका पोराला तिचीच गाणी गाताना ऐकलं. त्याला तिने स्टेजवर गायला लावलं आणि वर पैसेही दिले. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून जगभर गाजला.

मला तिच्या आयुष्यातला सगळ्यात आवडलेला काळ कुठला विचाराल तर तो मारी नाइटबरोबरचा. १९४६ मध्ये रोझेटाने तिला ऐकलं आणि दोघींनी जोडीने कार्यक्रम सुरू केले. विचार करा, चाळीसच्या दशकात दोन कृष्णवर्णीय बायका, स्वतःच्या जिवावर, अख्ख्या अमेरिकेत दौरे करत होत्या! हॉल भरून वाहायचे. पण त्याच गावात त्यांना हॉटेलमध्ये खोली मिळायची नाही. खानावळीत पुढच्या दाराने जाता यायचं नाही. म्हणून रोझेटा दौऱ्याच्या बसमध्येच झोपायची. जॉर्डनेअर्स हे गोऱ्या गायकांचं पथक काही काळ तिच्याबरोबर होतं. ते आत जेवायचे आणि तिच्यासाठी बाहेर बांधून आणायचे. संध्याकाळी मात्र टाळ्या तिलाच.

आणि ते लग्न! ३ जुलै १९५१, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम, म्हणजे बेसबॉलचं मैदान. आयोजकांशी करार आधी झाला, नवरा नंतर ठरला. हो, खरंच! रसेल मॉरिसन हे त्याचं नाव, पुढे तोच तिचा मॅनेजर झाला. तिकीट काढून वीस-पंचवीस हजार लोक लग्नाला आले. विधी झाले आणि नवरी लग्नाच्या पांढऱ्या झग्यातच गिटार घेऊन मैदानात वाजवायला उभी राहिली. शेवटी आतषबाजी. आपण आपल्या लग्नात काय केलं होतं? मी मान खाली घालून बसले होते, दागिना टोचत होता आणि भूक लागली होती!

पण चढ आहे तिथे उतार. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिने आणि मारीने ब्लूजच्या काही रेकॉर्ड केल्या आणि आधीच कुरकुरणारा भाविक श्रोता तुटला. दुसरीकडे रॉक अँड रोल आलं. तिच्याच वाजवण्याची वळणं घेऊन तरुण मुलं स्टार झाली. रोझेटा चाळिशीत होती. तिच्या वाट्याचे मोठे हॉल छोटे झाले, पुन्हा चर्च, पुन्हा लहान गावं. अशा वेळी १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडने तिला बोलावलं. तिथल्या तरुणांना ती जुनी वाटली नाही, नवीच वाटली. मग ती युरोपला वारंवार जात राहिली.

मी पाहिला तो व्हिडिओ याच काळातला, ७ मे १९६४ चा. मँचेस्टरजवळचं विल्ब्रॅहम रोड स्टेशन बंद पडलेलं होतं. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने त्याला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनचं रूप दिलं होतं. मडी वॉटर्ससारखे दिग्गजही त्या कार्यक्रमात होते. पाऊस आला, तर रोझेटाने पावसाचंच भक्तिगीत आधी घेतलं. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या गळ्यात होती ती गिब्सन कंपनीची पांढरी एसजी. दोन शिंगांची, तीन सोनेरी पिकअपची.

दिवाळीला मुलगा घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला तसली गिटार हातात घेऊन बघायची आहे. घ्यायची की नाही ते नंतर. तो मला एका वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलाने मला नखशिखान्त पाहिलं आणि एक छोटीशी, फिकट गुलाबी गिटार पुढे केली. मॅडमना ही हलकी पडेल, म्हणाला. मी म्हटलं, ती नको, भिंतीवरची शिंगांची दे. तो म्हणाला, आधी बाकीच्या बघा. बरं, म्हटलं.

पहिली जोडली तर नुसताच हूं असा घुमा आवाज. तारांना हात लावला की तो कमी व्हायचा. मुलाने सांगितलं, हिचे पिकअप एकेरी आहेत, ते आसपासच्या विजेची घरघर ओढून घेतात. दुसरी सोनेरी, जाडजूड, लेस पॉलच्या घाटाची. रोझेटाकडे पन्नासच्या दशकात अशी होती. पण काय वजन! पाच मिनिटांत खांदा भरून आला. तिसरी ती शिंगांची. पातळ, हलकी, पण डावा हात सोडला की हिची मान खाली जाते. एका हाताने तिला सतत सावरत राहावं लागतं. हे कळल्यावर फलाटावरच्या त्या बाईबद्दलचा आदर आणखी वाढला. ती एक हात हवेत उडवून वाजवते!

आणि दोन गोष्टी माझ्या मला समजल्या. एक म्हणजे इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात आणि पट्टीच्या जवळ असतात. माझ्या कॉलेजच्या गिटारीवर बोटांना घट्टे पडायचे, इथे आताशा दुखणाऱ्या माझ्या बोटांनाही जमत होतं. दुसरी म्हणजे, तार नुसती शिवली तरी आवाज सगळ्या दुकानात. चूकही सगळ्या दुकानात! मी चोरट्यासारखी इकडेतिकडे पाहिलं, नॉब खाली फिरवला. मुलाने काही न बोलता तो परत वर केला.

त्या क्षणी मला रोझेटाच्या गिटारींचा हिशेब लागला. तंबूतल्या गर्दीसाठी धातूची, बँडमध्ये उभं राहायला इलेक्ट्रिक, पुढे मोठ्या मंचासाठी आणखी दमदार. तिची जागा मोठी होत गेली तशी तिची गिटार बदलत गेली. माझी जागा लहान होत गेली आणि गिटारी मात्र एकाच्या चार झाल्या. मी सांभाळत होते. आठवण म्हणून, मुलाची म्हणून, फेकवत नाही म्हणून. आता पाचवी आणायची ती कशासाठी? पहिल्या चार वाजवल्या नाहीत ही लाज झाकायला? गिटार परत भिंतीवर टांगली. तारांचे दोन सेट, एक केबल आणि एक छोटा, वापरलेला अ‍ॅम्प तेवढा घेऊन आम्ही घरी आलो. काउंटरवरचा मुलगा जरा हिरमुसला.

रोझेटाचा शेवट सांगायचा राहिला. १९६८ मध्ये तिची आई गेली. जन्मभर सोबत राहिलेली, पहिली गिटार हाती देणारी आई. १९७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना रोझेटाला पक्षाघात झाला. मधुमेह होताच, त्यात एक पाय कापावा लागला. तरीही ती पुन्हा वाजवायला उभी राहिली. नवं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं, त्याच्या तोंडावर दुसरा झटका आला आणि ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात ती गेली. वय अठ्ठावन्न. नॉर्थवुड दफनभूमीत तिला पुरलं, पण वर नावाचा दगड नव्हता. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं, तेव्हाही दगड नव्हता! पाकिटावर तिचा चेहरा देशभर फिरत होता आणि कबर मात्र निनावी. २००७ मध्ये गेल वॉल्ड यांनी तिचं चरित्र लिहिलं. त्यानंतर २००८ मध्ये लोकांनी मैफल भरवून पैसे उभे केले आणि पस्तीस वर्षांनी तिच्या नावाचा दगड बसला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पहिले मानकरी निवडले १९८६ मध्ये, त्यात एल्व्हिस होता, लिटल रिचर्ड होता. रोझेटाचं नाव तिथे लागलं ते २०१८ मध्ये.

हे वाचून मला आधी राग आला. मग माझ्याच कपाटाकडे बघून थोडी लाज वाटली. नुसतं हळदकुंकू म्हणजे तरी काय? टपालाचं तिकीटच की ते!

तर आता आमच्या घरातल्या गिटारींचं असं झालंय. माझी कॉलेजची आणि मुलाची छोटी, दोन्ही नीट करून घेतल्या आणि मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या अभ्यासिकेत नेऊन ठेवल्या. देताना माझ्या गिटारीला जरा जास्तच वेळ पुसत होते, हे कबूल करते. तिथे दर गुरुवारी पाच-सहा मुली येतात. कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्यांना शिकवतो आणि शेवटच्या बाकावर बसून मीही शिकते. बाबांची हवाईयन माझ्याकडेच राहिली. आईला विचारलं, तर ती म्हणाली ठेव, पण कव्हर काढून ठेव. मुलाच्या इलेक्ट्रिकला नव्या तारा चढवल्या. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की अर्धा तास, हॉलमध्ये, दार न लावता वाजवते. फार काही येत नाही अजून. तीन कॉर्ड आणि एक सूर, तोही अधूनमधून चुकतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन चौकशी केली. सासूबाईंनीच त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि आमच्याकडे सुनेचा रियाज असतो असं सांगून टाकलं. त्या स्वतः ऐकत नाहीत, कानातलं मशीन काढून ठेवतात. पण अर्धा तास झाला की घड्याळाकडे बोट दाखवतात, कुकर लावायचाय.

मागच्या गुरुवारी मी मुलींना तो रेल्वे स्टेशनचा व्हिडिओ दाखवला. रोझेटाची सगळी गोष्ट सांगितली. कापूस, चर्च, बसमधली झोप, तो पाय, तो नसलेला दगड. सगळ्या गप्प. मला वाटलं, बरंच पोचलं वाटतं. मग नववीतली एक जण पुढे झाली आणि तिने विचारलं, की काकू, एवढ्या चिखलात टाचांच्या बुटांनी ती पडली कशी नाही? मी व्हिडिओ पुन्हा लावला. आम्ही सगळ्या फोनवर वाकून तिचे पाय बघत बसलो.